जयगडची खाडी आणि मालगुंडचा रस्ता

रेवसपासून रेडीपर्यंतच्या नियोजित सागरी महामार्गात शास्त्री नदीच्या मुखावर, तवसाळ आणि जयगड यांच्यामध्ये, पूल व्हावा ही अपेक्षा रास्तच आहे. कारण आज गुहागरकडून मालगुंडास येणारी गाडी खाडी फेरीबोटीने ओलांडते, आणि बोट चुकली तर धक्क्यावर खोळंबते किंवा दूरचा वळसा घेते. खरा विवाद्य प्रश्न मालगुंडातल्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा. कवी केशवसुतांच्या या जन्मगावी जांभ्या चिऱ्याचे गडगे आणि त्यांआडची माडापोफळींची आगरे रस्त्यास इतकी लगटून आहेत, की मोजणीदाराची एक खूण पिढीजात ठिकाण दुभंगू शकेल. (पोफळीच्या सावलीचा मोबदला कोणत्या दरपत्रकात बसवावा?) त्यातून सातबाऱ्यावर सहहिस्सेदार अनेक, बरेचसे मुंबईस! तेव्हा संपादनाच्या नोटिशीची वाट न पाहता वारसनोंदी आजच तपासून घ्याव्यात.