पारपत्राची खरी मुदत

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



एके काळी आपल्या ज्ञातीतील कोणी विलायतेस निघाला म्हणजे त्याचे छायाचित्र स्मरणिकेत छापले जात असे. आज तसे करू लागलो तर लेखांना पाने उरणार नाहीत. म्हणूनच परदेशी असताना पारपत्राचे नूतनीकरण हा विषय कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविला, तेव्हा आम्ही तो आनंदाने स्वीकारला. विषय रुक्ष आहे खरा, पण त्यापायी काही घरांनी जे सोसले ते आम्ही जवळून पाहिले आहे.

नूतनीकरण असे आपण म्हणतो, तथापि जुन्या पुस्तिकेची मुदत वाढवून मिळत नाही. प्रौढास साधारणतः १० वर्षांची पुस्तिका मिळते आणि ती संपत आली की नव्या क्रमांकाची दुसरी घ्यावी लागते. लहान मुलांची पुस्तिका ५ वर्षांचीच. आईबाप आपापल्या तारखा ध्यानात ठेवतात, आणि आधी संपते ते मुलाचे पारपत्र!

परंतु आम्हांस मुख्यतः सांगावयाचे ते हे की, पुस्तिकेवर छापलेली तारीख ही तिची खरी मुदत नव्हे. कित्येक देश पारपत्रास निदान ६ महिने शिल्लक असल्यावाचून प्रवेश देत नाहीत. तेव्हा १० वर्षांचे पारपत्र प्रवासाच्या दृष्टीने साडेनऊ वर्षांचेच समजावे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना २० वर्षे मुदतीच्या, हाताने लिहिलेल्या पुस्तिका आठवत असतील. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर आंतरराष्ट्रीय नियमान्वये तशा पुस्तिका चालेनाशा झाल्या. त्यांतल्या काहींची छापील मुदत तेव्हा शिल्लक होती, पण तिचा उपयोग राहिला नाही.

याहून बिकट गोष्ट अमेरिकेतील. आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा मुलगा तेथे नोकरीस आहे. त्याला कामाची परवानगी तीन वर्षांची मिळाली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तो आला आणि परत जाताना विमानतळावरील अधिकाऱ्याने त्याच्या वास्तव्याची अखेरची तारीख नोंदविली ती पारपत्र संपण्याची. तसे करण्याची तेथील रीत आहे. मुलाने पारपत्र वेळेवर नवे करून घेतले आणि तो निश्चिंत झाला. परंतु नव्या पारपत्राने वास्तव्याची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो, अथवा मुदतीच्या आत देशाबाहेर जाऊन नव्याने प्रवेश घ्यावा लागतो. ही नोंद हल्ली कागदावर चिकटवून मिळत नाही, संगणकावर पाहावी लागते. ती कोणी पाहिलीच नाही. मुदत उलटून ६ महिन्यांहून अधिक काळ लोटला. अशा स्थितीत देश सोडला तर ३ वर्षे परत येण्यास बंदी होऊ शकते. नेमकी त्याच वेळी इकडे आई अंथरुणास खिळली. वकिलाने जाऊ नका म्हणून सांगितले. माउलीने मुलाचे तोंड पाहिले ते दूरध्वनीच्या पडद्यावर. यात कोणी लबाडी केली नव्हती, कोणी आळसही केला नव्हता. म्हणून परदेशी असलेल्या मुलामुलींना पत्र लिहाल, बोलाल, तेव्हा जेवणाखाण्याच्या चौकशीबरोबर हीही तारीख विचारा.

अर्जाची रीत फारशी कठीण नाही. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. आपण राहतो तो प्रदेश ज्या भारतीय वकिलातीच्या कक्षेत येतो तेथेच तो करावयाचा. पुष्कळ ठिकाणी कागद स्वीकारण्याचे काम वकिलातीने खासगी केंद्रांकडे दिले आहे. राहण्याच्या जागेचा आणि कायदेशीर वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. कधी कधी इकडच्या पत्त्यावर पोलीस चौकशीस येतात. घरी एकटे राहणारे वृद्ध आईबाप दारात पोलीस पाहून गांगरतात, तेव्हा त्यांना आधी कल्पना दिलेली बरी.

खरी अडचण येते ती नावाची. दीक्षित हे आडनाव एक भाऊ इंग्रजीत 'आय' घालून लिहितो, दुसरा दोन 'ई' घालून. दोघेही बरोबरच, पण दाखल्यात एक आणि पारपत्रात दुसरे असले की कारकुनाच्या लेखी ती दोन माणसे होतात. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचे नावच बदलण्याची चाल. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नपत्रिकेवर दुसरे, बँकेत तिसरे! लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही; माहेरच्या नावाचे पारपत्र खुशाल चालते. तांदळात नाव लिहिण्याची हौस जरूर पुरवावी, परंतु सूनबाई परदेशी जाणार असेल तर ते नाव ताटातच राहू द्यावे, असे आम्हांस वाटते. ज्येष्ठ भगिनींनी राग मानू नये.

नवी पुस्तिका हाती आली की तिचा क्रमांक मालकास, बँकेस आणि निवासाची परवानगी देणाऱ्या खात्यास कळवावा. जुनी पुस्तिका रद्दचा शिक्का मारून परत मिळते. ती रद्दीत टाकू नये. तीत अमेरिकेचा व्हिसा शिल्लक असेल तर तो चालू राहतो, आणि प्रवासात दोन्ही पुस्तिका बरोबर बाळगाव्या लागतात.