तीन तासांचा पेपर आणि न विचारलेला प्रश्न

(वाळूज येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरींनो,

आजचा विषय ऐकल्यावर मागे दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. हसा, खुशाल हसा. परीक्षेत लघवीला लागली तर काय करायचं, यावर माईकवरून बोलायचं म्हणजे हसू येणारच. या मैदानात आपण हुंड्यावर बोललो, दारूवर बोललो, नवऱ्याच्या मारावर बोललो. तेव्हाही आधी हसूच आलं होतं. मग एकेक बाई उठून बोलायला लागली आणि हसू थांबलं.

मी एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, तिने तसं कबूल करून घेतलंय. ती इथलीच, कंपनीच्या मागच्या वस्तीतली. आई पॅकिंगच्या कामाला जाते, वडील ठेकेदाराकडे. मुलगी हुशार. 4 मे 2025 ला तिची नीटची परीक्षा होती. पेपर दुपारी दोन ते पाच. पण दीड वाजता गेट बंद होतं, आणि त्याआधी तपासणी, अंगठा, फोटो. म्हणून ही सकाळी नऊला घरून निघाली. मे महिना, मराठवाड्याचं ऊन. आणि या पोरीने आदल्या रात्रीपासून पाणी बंद केलेलं. का? तर मध्येच जावं लागू नये म्हणून. पाळीची तारीखही जवळ आलेली, त्याची धास्ती वेगळी.

केंद्रावर मुलींसाठी दोन संडास. एकाला आतून कडी नाही. बाहेर रांग. हिचा नंबर लागायच्या आत वर्गात बसायची सूचना झाली. चार वाजले आणि तिला राहवेना. तिने हात वर केला. पर्यवेक्षक म्हणाले, "आता थोडंच राहिलंय, धर की." ती बसली. साडेचारनंतर तर नियमानेच बंदी. शेवटचा अर्धा तास ती प्रश्न वाचत होती आणि काही कळत नव्हतं. वीसेक प्रश्न सुटले. घरी येऊन म्हणाली, "पेपर अवघड होता." खरं कारण आईला आठ दिवसांनी कळलं, तेही उन्हाळी लागून ताप भरला आणि डॉक्टरकडे न्यावं लागलं तेव्हा.

आई मला काय म्हणाली सांगू? "ताई, मला एका शब्दानं बोलली नाही बघा. मी तरी कुठं विचारलं? डबा दिला, पेन दिला, देवापुढं दिवा लावला. हे विचारायचं सुचलंच नाही."

सुचत नाही, कारण आपल्याला आईने शिकवलं ते धरून ठेवायला. लग्नात धर, एसटीत धर, शेतात दिवस मावळेपर्यंत धर. धरणारी बाई शहाणी, आणि सारखी उठणारी बाई म्हणजे काहीतरी खोट असलेली.

आता हिशोब बघू. 2025 च्या नीटमध्ये 180 प्रश्न होते आणि 180 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 गुण वजा. मुलगी उठली, महिला कर्मचारी येईपर्यंत थांबली, जिना उतरून गेली, तिथे रांगेत उभी राहिली, परत आल्यावर पुन्हा झडती झाली, की दहा मिनिटं सहज जातात. दहा मिनिटं म्हणजे दहा प्रश्न, म्हणजे 40 गुणांपर्यंत. त्या परीक्षेत तेवढ्या गुणांनी हजारो नंबरांचा फरक पडतो. म्हणजे लघवीला जायचीही किंमत मोजावी लागते आणि न जायचीही.

कुणी म्हणेल, मुलांनाही जावं लागतं की. लागतं. त्यांनाही त्रास होतो, आणि आपण जे मागतोय त्याचा त्यांनाही फायदाच आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. बाईचा मूत्रमार्ग साधारण चार सेंटिमीटरचा असतो, पुरुषाचा वीसच्या आसपास. त्यामुळे जंतू आत शिरायला आपल्याकडे वाट जवळची. पाणी कमी, धरून ठेवणं जास्त, की उन्हाळी लागलीच. आणि दुसरी गोष्ट पाळीची. मुलाला भिंत पुरते. मुलीला कडी लागते, पाणी लागतं, घडी किंवा पॅड बदलायला आडोसा लागतो, आणि वापरलेलं टाकायला डबा लागतो. यातलं एक नसलं तरी ती जात नाही. संडास आहे पण कडी नाही, हे संडास नसल्यासारखंच.

पोरींनो, पाणी बंद करण्याबद्दल नीट ऐका. पाणी बंद केलं की लघवी थांबते असं वाटतं, पण ती घट्ट होते, पिवळी होते, आणि पिशवीला टोचते. मग थोडी साठली तरी घाई लागते. वर डोकं दुखतं, लक्ष लागत नाही. म्हणजे परीक्षेसाठी केलं आणि परीक्षेलाच बाधलं. त्यापेक्षा आदल्या दिवशी आणि सकाळी भरपूर पाणी प्या. पेपरच्या दीड-दोन तास आधीपासून घोटघोट घ्या, एकदम तांब्याभर नको. चहा-कॉफी त्या दिवशी टाळा, त्याने जास्त लागते. वर्गात जाण्याआधी, लागली असो नसो, जाऊन या. रांग असते हे धरून अर्धा तास आधी रांगेला लागा. घरी सराव पेपर सोडवता ना, तो घड्याळ लावून, त्याच वेळेला, तसंच पाणी पिऊन सोडवा. आपलं शरीर तीन तासांत काय करतं ते आपल्याला आधी कळू दे. आणि पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीकडून घेऊन खाऊ नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय ती घ्यायची नसते.

पण हे सगळं मुलीने करायचं झालं. संडासाला कडी मुलीने लावायची नाही. ते काम परीक्षा घेणाऱ्याचं आहे.

तिकडून उत्तर ठरलेलं येतं: "संडासात जाऊन कॉपी करतात." करतात, मी नाही म्हणत नाही. आपल्या मराठवाड्यात कॉपीने किती नुकसान केलंय ते आपल्याला ठाऊक आहे. प्रामाणिक अभ्यास करणाऱ्या गरीब मुलीचंच त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. म्हणून तपासणीला आपला विरोध नाही. 2024 पासून जेईई मेनमध्ये मध्येच बाहेर जाऊन आलेल्यांची पुन्हा झडती आणि पुन्हा अंगठा सुरू झाला. ठीक आहे, करा. मुलीची झडती बाईने आडोशाला, सन्मानाने घ्यावी, एवढंच म्हणणं आहे. 17 जुलै 2022 ला केरळमध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या एका नीट केंद्रावर मुलींना आतले कपडे काढायला लावले होते, का तर हुकाला धातू असतो. त्यावर गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. पण त्या मुलींनी तो पेपर कसा लिहिला असेल?

आणि खरी चोरी होते कुठे? 2024 ची नीट आठवा. पेपर फुटला तो पाटणा आणि हजारीबागला, आणि हजारीबागच्या केंद्रात पेपरच्या पेटीतूनच तो बाहेर काढला, असं सीबीआयच्या तपासात आलं. आपल्या राज्यातला टीईटीचा घोटाळा आठवा. त्यात परीक्षा झाल्यावर निकालात गुण बदलले गेले, आणि 2022 मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवार बाद झाले. यातलं काही मुलींच्या संडासात घडलं नव्हतं. पेट्यांना धड कुलूप लागत नाही, आणि राखण मात्र संडासाच्या दाराशी.

टीईटीचं नाव निघालं म्हणून सांगते. हा प्रश्न फक्त सतरा-अठरा वर्षांच्या मुलींचा नाही. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. त्यामुळे पंचेचाळीस-पन्नाशीच्या शिक्षिका परीक्षेच्या बाकावर येऊन बसल्या. अडीच-अडीच तासांचे दोन पेपर असतात, आणि दोन्ही देणाऱ्या बाईचा सगळा दिवस केंद्रावर जातो. कुणाला साखर आहे, कुणाची पाळी जायच्या बेतात असून अंगावर खूप जातं, कुणाचं बाळंतपणानंतर अंग बाहेर येतं आणि खोकलं तरी थेंब सुटतो. एका बाईंनी मला सांगितलं, "नोकरी जाईल याची भीती होती, पण त्याहून मोठी भीती आपल्याच विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोरांसमोर साडी ओली होईल याची होती."

आता तुम्हा कंपनीतल्या बायांना विचारते. हे ऐकताना ओळखीचं वाटलं की नाही? लायनीवर उभं राहायचं, माल पुढे सरकत असतो, बदली बाई आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. सुपरवायझर घड्याळ बघतो. मग बाई काय करते? सकाळी पाणीच पीत नाही. मुलीने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, तिने आईला बघितलं होतं.

आईच्या बाजूने निदान कायदा तरी होता. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 19 होतं: बायांसाठी वेगळे, बंदिस्त संडास आणि मुताऱ्या मालकाने द्यायच्या. कामगार जाईल त्या वेळी ते उघडे असले पाहिजेत. 2020 च्या नव्या संहितेतही संडास-मुताऱ्यांची जबाबदारी मालकावरच आहे. तो कायदा कितपत पाळला जातो हा वेगळा विषय. पण हे बांधूनच द्यावं लागतं, हे कागदावर तरी आहे.

शाळांसाठीही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह सांगितलंय. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या शाळांत सहा महिन्यांत ते बांधा म्हणून हुकूम दिला. आणि आपल्या चळवळीनेही हे मिळवलंय, ते विसरू नका. 2011 मध्ये मुंबईत बायांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली, सह्या गोळा केल्या, मुताऱ्यांची पाहणी केली. पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' कोर्टात गेली. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की बायांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि महापालिकांना त्यासाठी कामाला लावलं. तेव्हाही लोक हसले होते. मुतारीसाठी कोर्टात जातात म्हणून हसले होते.

परीक्षेपुरतं एक पाऊल जून 2024 मध्ये पडलं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने पत्र काढलं की दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा केंद्रांवर सॅनिटरी पॅड मोफत ठेवा आणि मुलींना गरजेप्रमाणे बाहेर जाऊ द्या. चांगलं पत्र आहे. आणि ते सीबीएसई, केंद्रीय विद्यालय आणि नवोदय यांच्याबरोबर राज्यांसाठीही होतं. आपल्या पोरी बसतात त्या राज्य मंडळाच्या परीक्षेला, अकरा वाजता सुरू होणाऱ्या पेपरला. तेव्हा ते पत्र हातात घेऊन आपण विभागीय मंडळाकडे जायचं आणि विचारायचं, आमच्या पोरींची पाळी वेगळी असते का?

आपण मागायचं काय, ते नेमकं असू द्या. पहिलं, केंद्र मंजूर करण्याआधी संडासांची पाहणी व्हावी: किती आहेत, कडी आहे का, नळाला पाणी येतं का. आपल्या भागात पाण्याचा टँकर बोलवावा लागतो, तर परीक्षेच्या दिवशी तो बोलवा. दुसरं, मुली असलेल्या प्रत्येक मजल्यावर एक बाई कर्मचारी. तिसरं, पॅड आणि डबा, मागावं न लागता, आत ठेवलेले. चौथं, "धर की" म्हणायचा अधिकार कुणालाही नाही, हे पर्यवेक्षकांना आधीच्या बैठकीत लेखी सांगावं. पाचवं, गेलेला वेळ परत द्यावा. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत त्या एका उमेदवाराचं घड्याळ थांबवणं काही अशक्य नाही. अपंग विद्यार्थ्यांना तासाला निदान वीस मिनिटं जादा देण्याचे नियम 2018 मध्ये झालेच ना? तेही आधी अशक्यच म्हणत होते.

आणि आपलं स्वतःचं काम. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. त्याआधी, जानेवारीत, रांजणगाव, पंढरपूर, बजाजनगर, जोगेश्वरी, वाळूज गाव, जिथे जिथे केंद्र आहे तिथे दोघीदोघींनी जाऊन यायचं. भांडायला नाही, बघायला. मुख्याध्यापकांना भेटा. पुष्कळ ठिकाणी ते म्हणतील, "ताई, कडी पंचवीस रुपयांची आहे, कुणी सांगितलंच नव्हतं." तिथल्या तिथे लावून घ्या. जिथे टाळाटाळ होईल तिथलं वहीत लिहून आणा. तारीख लिहा, वेळ लिहा, संडास किती ते लिहा. आपल्या तोंडच्या तक्रारीला किंमत नसते, वहीतल्या नोंदीला असते.

आणि आयांनो, पेपरच्या दिवशी पोरीला डबा द्याल, पेन द्याल, दिवाही लावाल. त्याबरोबर एक वाक्य सांगा: "लागली तर उठ. दहा प्रश्न गेले तरी चालतील, पण धरून बसू नकोस." हे वाक्य तिला आपल्याकडून कधी मिळालेलं नाही. ती मुलगी पुन्हा परीक्षेची तयारी करतेय. आता ती पाण्याची बाटली घेऊन अभ्यासाला बसते, असं आई सांगत होती.

पुढच्या बैठकीला कोणत्या दोघी कोणत्या केंद्रावर जाणार, त्यांची नावं इथेच लिहून घेऊ. वही मी आणली आहे. चला, पहिलं नाव कुणाचं?