अंतःकर्णाची झीज आणि वर्गातील श्रवण
(त्र्यंबकेश्वर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



श्रुतलेखनात आपण 'साठ' सांगतो आणि एखादा मुलगा 'आठ' लिहितो. आपण त्यास निष्काळजी ठरवतो. त्याचे आजोबा बाजारात 'साठ' ऐकून आठ रुपये पुढे करतात, तेव्हा मात्र 'वय झाले' म्हणून सोडून देतो. चूक एकच आहे आणि तिचे मूळही कधी कधी एकाच जागी, अंतःकर्णात, असते.

हा भाग शंखासारखा अडीच वेढ्यांचा असतो. उलगडला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. त्यात द्रव असतो आणि सुमारे १५ हजार केशपेशी रांगांनी उभ्या असतात. ध्वनीमुळे आत लाट उठते. तिच्या अभ्यासासाठी गेऑर्ग फॉन बेकेशी ह्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उंच स्वराची लाट शंखाच्या तोंडाशीच विरते, खालच्या स्वराची टोकापर्यंत पोहोचते. झीज बहुधा तोंडाकडूनच सुरू होते, म्हणून उंच स्वर आधी हरवतात. आपल्या भाषेत आ, ओ हे स्वर भरदार आहेत. 'स', 'श' ह्यांचा सुस्कारा मात्र उंच आणि क्षीण. तो गळला की 'साठ'मधला 'आठ' तेवढा उरतो. "आवाज येतो, शब्द कळत नाही," ही वृद्धांची तक्रार अक्षरशः खरी असते.

वयाबरोबर केशपेशी मरतात, मज्जातंतूंचे धागे विरळ होतात आणि द्रवातील क्षारांचे प्रमाण राखणारी रक्तवाहिन्यांची पट्टीही क्षीण होते. बाहेरच्या रांगांतील पेशींचे काम हळू आवाज वाढवून देण्याचे. त्या गेल्या की हळू बोललेले पोचत नाही आणि मोठ्याने बोललेले एकदम आदळते. आजी "जरा मोठ्याने बोल" म्हणते आणि लगेच "ओरडतोस कशाला?" म्हणते, तो तिचा हट्ट नव्हे. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या येत नाहीत.

ही हानी केवळ वयाने होते असे नाही. मेंदूच्या आवरणाचा दाह, स्ट्रेप्टोमायसीनच्या वर्गातील इंजेक्शने आणि मोठा आवाज ह्यांनी ती बालपणीही होते. नाशिक ढोल हे आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु आता वरातीपुढे ध्वनिवर्धकांची भिंत गाडीवर चढते आणि मुले नेमकी तिच्याच पुढ्यात नाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. १०० डेसिबलला ती अर्ध्या तासाच्याही आत येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, मोठ्या आवाजानंतर श्रवण पूर्ववत झाल्यासारखे वाटले तरी मज्जातंतूंची टोके कायमची तुटलेली असतात.

कान वाहणे हा निराळा, मध्यकर्णाचा विकार होय. त्यावर उपचार आहेत; कानात तेल किंवा पाल्याचा रस घालणे हा मात्र त्यांपैकी नव्हे.

आता पारख कशी करावी ते सांगतो. मुलाच्या मागे दोन हातांवर उभे राहावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. 'हात', 'साप', 'आठ', 'साठ' असे शब्द हळू उच्चारावेत आणि पुढील चित्रांवर वा अंकांवर त्यास बोट ठेवावयास सांगावे. शब्द म्हणवून घेऊ नयेत. पाड्यावरील मुलाचे उच्चार घरच्या बोलीमुळे निराळे असतात आणि तो कानाचा दोष नव्हे. एक कान बोटाने बंद करून दुसरा पाहावा. ह्याने निदान होत नाही, संशय तेवढा येतो. तेवढ्यावर मुलाचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास कळवावे; २०१३ साली सुरू झालेल्या ह्या कार्यक्रमात श्रवणदोषाची तपासणी अंतर्भूत आहे. पथक येईपर्यंत त्या मुलास पुढच्या ओळीत बसवावे, आपल्या तोंडावर उजेड पडेल असे उभे राहावे आणि फळ्याकडे वळून बोलू नये.