रामबाण पेटवू नका

गावतळ्याच्या किंवा ओढ्याच्या कडेला माणसापेक्षा उंच, पात्यासारख्या पानांचं गवत तुम्ही पाहिलंच असेल. त्याच्या टोकाला बाजरीसारखं तपकिरी कणीस येतं, म्हणून ते पाणकणीस. ताठ दांडा आणि टोकाला कणीस, हे रूप बाणासारखं, म्हणून रामबाण असंही म्हणतात. पंचवटीच्या जिल्ह्यात ते नाव शोभतंही! महाभारतात यादव ज्या एरका गवताने आपसांत लढून संपले, ते हेच, असं बरेच जाणकार मानतात.

आपल्याकडे ते भरभरून बघायचं तर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जावं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात बंधारा झाला. गाळ साठत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं. लोक जातात परदेशी पाहुण्या पक्ष्यांसाठी. पण त्यातल्या कितीतरी पक्ष्यांचं घर हे गवत आहे, तिकडे कोणी कॅमेरा वळवत नाही. जांभळी पाणकोंबडी पावसाळ्यात याच दाटीत घरटं करते आणि याचेच कोवळे कोंब खाते. माशांची पिल्लंही बुडख्यांच्या आडोशाला वाढतात.

आता तक्रारीची बाजू. हे गवत फार माजतं, पाणी अडवतं, तळं बुजवतं. खरं आहे. पण माजतं कशामुळे? गावाचं सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेलं खत, हा त्याचा खुराक. तो खुराक ते मुळांनी ओढून पानांत साठवतं, म्हणजे पाणी स्वच्छ करतं. मग उन्हाळ्यात कोणी काडी लावतं. वाळलेली पानं भडाभडा पेटतात, आतली अंडी, पिल्लं, कासवं होरपळतात, आणि राखेतून बरंचसं खत पुन्हा पाण्यात पडतं. गड्डे मात्र चिखलात जिवंत. पावसाळ्यात पहिल्यासारखंच रान उभं!

त्यापेक्षा विळा बरा. गवताचा दांडा आतून पोकळ-सच्छिद्र असतो, त्यातून हवा खाली गड्ड्यापर्यंत पोहोचते. पाण्याच्या वर हातभर ठेवून कापलं तर ते पुन्हा फुटतं. वाट मोकळी करायची असेल तिथे पाण्याच्या पातळीखाली कापा. हवा तुटली की गड्डा गुदमरून कुजतो. नांगर नको, औषध नको.

कापणी होळीनंतर आणि मृगाच्या आत करावी. तोवर बहुतेक पाहुणे पक्षी गेलेले असतात आणि पाणकोंबडीची घरटी सुरू व्हायची असतात. तरी घरटं दिसलं तर तेवढा भाग सोडा. एका वर्षी अर्धंच कापा, उरलेलं पुढच्या वर्षी. कापलेलं काठावर टाकू नका, कुजून पुन्हा पाण्यातच जातं. कंपोस्टच्या खड्ड्यात घाला, नाहीतर द्राक्षाच्या ओळीत आच्छादन म्हणून पसरा. पानं सावलीत वाळवली तर चटई आणि दोरही होतात. पूर्वी छपरांनाही वापरत.

हे सगळं गावतळ्यापुरतं, तेही ग्रामपंचायतीला विचारून. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पातंही कापता येत नाही. बचत गटाला तिथून गवत हवं असेल तर आधी लेखी अर्ज द्यावा लागेल.