श्वासाची वाट आणि जनुकाचे औषध

हिवाळ्यात पहाटे भोपाळच्या शाहपुरा तलावाकाठी फिरावयास निघालेला माणूस धुके छातीभर ओढून घेतो. परंतु त्यातील थेंब त्याच्या फुप्फुसांच्या तळाशी क्वचितच पोहोचतात. धुक्याचे थेंब बहुधा दहा मायक्रॉनांहून मोठे असतात, म्हणून ते नाकाघशातच अडतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खोल उतरावयाचे तर थेंब एक ते पाच मायक्रॉनांचा हवा; त्याहून बारीक झाला तर पुष्कळदा उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतो.

विषारी वायूला ही अडकाठी नव्हती. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री याच शहरात मिथिल आयसोसायनेट हजारो निद्रिस्त माणसांच्या छातीत शिरला. ज्या वाटेने विष गेले, त्याच वाटेने औषध, तेही थेट जनुकाचे, का जाऊ नये? भोपाळात हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

या औषधाचा विचार प्रामुख्याने झाला तो ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या जन्मजात विकारासाठी. त्यात एकच जनुक सदोष असते. ते १९८९ साली सापडले. त्याच्या दोषामुळे छातीतील श्लेष्मा डिंकासारखा घट्ट होतो व जंतू तेथे ठाण मांडतात. निरोगी जनुक फवाऱ्याने आत सोडावे, ही कल्पना सरळ दिसते. पण फवारणीच्या जोरानेच जनुकाचा नाजूक धागा तुटतो, उरलेला श्लेष्म्यात रुततो, आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केस त्याला केराप्रमाणे वर लोटून देतात. विषाणूच्या पाठीवर बसवून पाठवावे, तर शरीर त्या वाहनाला ओळखते व पुढच्या खेपेस दारातच अडविते.

ब्रिटनमधील संशोधकांनी म्हणून विषाणू टाळला आणि जनुक स्निग्ध द्रव्यात गुंडाळून वर्षभर, महिन्यातून एकदा, रुग्णांना हुंगविले. २०१५ साली निष्कर्ष आला : खोटा फवारा घेणाऱ्यांपेक्षा त्यांची श्वसनक्षमता सुमारे ३.७ टक्क्यांनी सरस ठरली. म्हणजे घसरण थोपली. चढण काही चढली नाही.

त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या एका प्रयोगाचाही निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेथे जनुक नव्हते, गोवराची लस होती; वाट मात्र हीच. २,००४ तान्ह्या बालकांपैकी निम्म्यांना मुखवट्यातून फवारा दिला, निम्म्यांना सुई टोचली. तीन महिन्यांनी फवाऱ्याच्या गटात ८५.४ टक्के, तर सुईच्या गटात ९४.६ टक्के बालकांत प्रतिकारद्रव्ये आढळली. श्वासाची वाट खुली खरी, पण सुईइतकी खात्रीची नव्हे.

भोपाळच्या वायुपीडितांपाशी याबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांच्या व्याधीचे मूळ जन्मजात उणिवेत नाही. वायूने भाजलेल्या नलिका व्रण धरून आखडल्या आहेत. सदोष जनुकाची जागा भरणारे औषध अशा व्रणावर चालत नाही, आणि तसे सांगून कोणी पैसे मागत असेल तर त्याला दारात उभे करू नये. धाप लागलेल्यांना फवाऱ्यातून मिळणारा आधार आजही श्वासनलिका सैल करणाऱ्या नेहमीच्या औषधाचाच आहे. हातातला पंप दाबताना श्वास सावकाश व खोल घ्यावा आणि काही क्षण रोखून धरावा. एरवी तेही औषध घशातच राहते.