विधवेचे तेल आणि आपले हप्ते

 

आजचा विषय कर्जाचा आहे. मंडळीत आपण आजारासाठी प्रार्थना मागतो, परीक्षेसाठी मागतो, मुलीच्या लग्नासाठी मागतो. कर्जासाठी मात्र उभे राहून प्रार्थना मागणारा माणूस क्वचितच दिसतो. लोक उपासना संपल्यावर बाजूला घेऊन हळूच विचारतात आणि बहुतेक वेळा प्रश्न एकच असतो: "डोक्यावर कर्ज आहे. दशांश द्यावा की आधी हप्ता भरावा?" आज या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे आहे. त्यासाठी आपण २ राजे, ४ था अध्याय, पहिली सात वचने पाहणार आहोत. पवित्र शास्त्र जवळ असेल तर उघडून ठेवा.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण मरण पावला. त्याची बायको अलीशाकडे रडत आली. नवरा परमेश्वराचे भय बाळगणारा होता, हे तू जाणतोस, असे ती म्हणते. आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला आहे.

इथे थोडे थांबा. हा माणूस दारुडा नव्हता, जुगारी नव्हता. तो देवभीरू होता, देवाच्या सेवेत होता. तरी कर्ज ठेवून गेला, आणि त्याचा भार बायकोवर आणि मुलांवर पडला. म्हणून कोणी कर्जात आहे असे ऐकले की "विश्वास कमी पडला" असे म्हणण्याची घाई करू नका. कर्ज दवाखान्यामुळे होते, नोकरी गेल्यामुळे होते, लग्नाच्या खर्चामुळे होते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपण देवभीरू आहोत एवढ्याने सावकाराचा हिशेब थांबत नाही.

आता अलीशाने काय केले ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, ती बाई बोलली. तिने कर्ज लपवले नाही. आपल्याकडे नवरा कार्डाचे बिल बायकोपासून लपवतो, बायको बचत गटाचा हप्ता नवऱ्यापासून लपवते, आणि दोघे मिळून दोन्ही गोष्टी आई-वडिलांपासून लपवतात. जे कर्ज घरात उघडपणे बोलले जात नाही ते फिटत नाही.

दुसरी गोष्ट, अलीशाने विचारले की घरात काय आहे? ती आधी म्हणाली, काही नाही. मग आठवले, तेलाची एक कुपी आहे. आपलेही असेच होते. "काही नाही" म्हणणाऱ्या घरात चाळीस हजारांची मुदत ठेव असते, "ती मोडायची नाही" म्हणून ठेवलेली. तिच्यावर वर्षाला सहा-सात टक्के मिळतात आणि त्याच घरात कार्डावर वर्षाला बेचाळीस टक्के व्याज चालू असते.

हा हिशेब नीट समजून घ्या. समजा क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. म्हणजे महिन्याचे व्याज १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५ रुपये. एकूण २,०६५. बिलावर "किमान रक्कम" लिहिलेली असते, ती पाच टक्के धरली तर २,५०० रुपये. तुम्ही २,५०० भरले आणि समाधानाने झोपलात. पण मुद्दल कमी झाले फक्त ४३५ रुपयांनी. कर्ज घेणारा कर्ज देणाऱ्याचा दास होतो, असे नीतिसूत्रे २२:७ सांगते. ती गुलामगिरी आज अशी दिसते.

म्हणून कागद घ्या आणि दोन रकाने करा. एकीकडे घरात काय आहे: ठेवी, सोने, विमा पॉलिसी, न वापरलेली गाडी. दुसरीकडे कोणाचे किती देणे आहे आणि प्रत्येकाचा व्याजदर. सर्वात महाग कर्ज सर्वात आधी फेडायचे. ठेव मोडून कार्ड फिटत असेल तर मोडा. सोन्यावर कमी व्याजाचे कर्ज काढून कार्डाचे महाग कर्ज संपत असेल तर तेही करता येते. मात्र मग ते कार्ड पुन्हा वापरायचे नाही, नाहीतर दोन कर्जे होतील.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. अलीशाने तिला शेजाऱ्यांकडे पाठवले, पण मागायला सांगितली रिकामी भांडी. पैसे नाही, तेल नाही. एक कर्ज फेडायला दुसरे हातउसने घेणे हा मार्ग त्याने दाखवला नाही. आपणही मंडळीत अशीच मदत मागू शकतो जिच्यामुळे नवे देणे तयार होत नाही. मोठ्या मुलांची जुनी पुस्तके, कामाला जाताना मूल सांभाळणे, कुठे जागा निघाली तर सांगणे, डबे किंवा शिवणकामाची दोन गिऱ्हाइके मिळवून देणे. ही सगळी रिकामी भांडी आहेत.

याउलट मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप हे नवे सावकार आहेत. ॲप तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो पाहण्याची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने ते करायचे नाही. वसुलीचे फोनही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. फसवणूक किंवा धमकी झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. लाजेने गप्प राहू नका.

चौथी गोष्ट, तिने मुलांना सोबत घेऊन दार लावले आणि तेल ओतले. मुले भांडी आणून देत होती. ज्या मुलांवर संकट होते तीच कामाला लागली. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घराची अडचण समजते. त्याला घाबरवू नका, पण "या वर्षी नाताळाला नवे कपडे एकच जोड, कारण आपण कर्ज फेडतो आहोत" हे सांगा. ते मूल मोठेपणी हप्त्यावर फोन घेण्याआधी थांबून विचार करील.

आणि शेवटी अलीशाने सांगितलेला क्रम बघा: तेल विक, कर्ज फेड, आणि उरलेल्यावर तू आणि तुझी मुले जगा. चमत्कार झाला तरी कर्ज माफ झाले नाही. ते फेडले गेले. स्तोत्र ३७:२१ मध्ये उसने घेऊन परत न करणे हे दुष्टाचे लक्षण म्हटले आहे. तेव्हा हप्ता वेळेवर भरणे हेही भक्तीचेच काम आहे.

आता मुख्य प्रश्न. दशांशाचे काय?

समजा घरात महिन्याला ४०,००० रुपये येतात. भाडे, किराणा, फी, वीज, प्रवास मिळून २८,०००. दुचाकीचा हप्ता ३,०००, बचत गटाचा २,०००, कार्डाची किमान रक्कम २,५००. उरतात ४,५००. पूर्ण दशांश ४,००० दिला तर ५०० उरले. त्या महिन्यात मुलाला ताप आला, औषधाचे दोन हजार कार्डावर गेले. आता विचार करा, त्या महिन्याचा दशांश खरे तर कोणाच्या पैशातून दिला गेला? कार्डाच्या.

२ करिंथ ८:१२ मध्ये पौल सांगतो की देण्याची उत्सुकता असेल तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: उसन्या पैशातून दशांश देऊ नका. पण देणे पूर्ण बंदही करू नका. वरच्या घराने महिन्याला ५०० रुपये आनंदाने द्यावेत, ५०० अडीअडचणीला ठेवावेत आणि राहिलेले ३,५०० कार्डावर जादा भरावेत. म्हणजे महिन्याला ६,००० होतात, आणि नवी खरेदी केली नाही तर ते ५०,००० साधारण अकरा महिन्यांत फिटतात. ज्या महिन्यात कार्ड संपेल त्या महिन्यापासून तेच पैसे दशांशाकडे वळवा. ही तारीख कागदावर लिहून ठेवा, म्हणजे सवलतीची सवय होणार नाही.

काही बंधू म्हणतील, मलाखी ३:१० काय सांगते? पूर्ण दशांश भांडारात आणा. बरोबर आहे. आणि ज्यांनी आपले चहा-पाणी, हॉटेल, सिनेमा, मोबाइलचा महाग प्लॅन कमी करून हप्ताही भरला आणि दशांशही दिला, त्यांना मी थांबवणार नाही. ती खरी आहुती आहे. पण मुलांची फी किंवा म्हाताऱ्या आईचे औषध थांबवून अर्पण करू नका. मार्क ७ मध्ये, 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिले असे सांगून आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने सुनावले आहे.

आणखी एक वचन पाळकांनी आणि मंडळीच्या पंचांनी वाचावे: अनुवाद १४:२८-२९. तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे म्हणून होता. म्हणजे ती कर्जबाजारी विधवा दशांश देणाऱ्यांच्या रांगेत नव्हती, घेणाऱ्यांच्या रांगेत होती. आपल्या मंडळीच्या वार्षिक हिशेबात तिच्यासाठी रकाना आहे का?

"एवढे बी पेरा, कर्ज तुटेल" असे सांगून ऑनलाइन पैसे मागणारे पुष्कळ आहेत. अलीशाने त्या बाईकडून एक पैसाही मागितला नाही. कोणी म्हणेल, एलीयाने सारफथच्या विधवेकडे आधी भाकर मागितली होती. हो. पण तो भुकेला पाहुणा होता, त्याने छोटी भाकर मागितली आणि त्यानंतर ते सगळे त्याच पिठावर जगले. तिने सावकाराकडून पीठ आणले नव्हते.

शेवटी त्या मेलेल्या माणसाकडे परत येऊ, कारण पुरुषहो, तो आपल्याला काही शिकवतो. आपण गेलो तर आपल्या बायकोला कोणाच्या दारी रडावे लागेल?

आज कायद्याने मुलांना दास करता येत नाही. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. पण बायकोने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर ती स्वतः देणेकरी आहे. जामीनदार आणि मूळ कर्जदार यांची जबाबदारी कायद्यात सारखीच धरली जाते. म्हणून "बंधूच आहे, सही करा" असे कोणी म्हटले तर नीतिसूत्रे ६:१-५ आधी वाचा. बुडाले तर फेडता येईल एवढी रक्कम नसेल तर प्रेमाने नाही म्हणा.

दुसरे, विमा. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याला वर्षाला ४३६ रुपये लागतात, सुरक्षा विम्याला २० रुपये. पहिल्यात मृत्यूनंतर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूनंतर दोन लाख. हे पुरेसे नाही, पण सुरुवात आहे. कर्ज मोठे असेल तर निदान तेवढ्या रकमेचा मुदत विमा घ्या.

तिसरे, मृत्युपत्र. आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी समान. गोव्यातल्या बांधवांना तिथला वेगळा नागरी कायदा आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यायचे आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असू नये, नाहीतर त्याचा हिस्सा बाद होतो. आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते: लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्न झाल्यावर रद्द होते. लग्नानंतर ते नव्याने करावे लागते.

या आठवड्यात एकच काम करा. रविवारी उपासनेहून आल्यावर, जेवणे झाली की, नवरा-बायकोने दार लावून बसावे आणि तो दोन रकान्यांचा कागद भरावा. कर्ज किती, व्याज किती, घरात काय आहे. मग त्या कागदावर हात ठेवून प्रार्थना करावी.

हे परमेश्वरा, जे आज आपल्या देण्यांना घाबरून झोपत नाहीत, त्यांना तोंड उघडायचे धैर्य दे. त्यांच्या घरातली कुपी त्यांना दाखव. प्रत्येक हप्ता प्रामाणिकपणे फेडण्याचे बळ दे, आणि आमच्या मंडळ्यांना रिकामी भांडी देणारे शेजारी कर. येशूच्या नावात मागतो. आमेन.