अठरा पूर्ण झाले, आता कॉलेजचं काय?

आजचा भाग छोटा आहे, पण ज्यांना लागू होतो त्यांचं अख्खं वर्ष वाचवू शकतो. बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना कॉलेजसाठी काय मदत मिळते, आणि ती नेमकी कोणाला मिळते, यावर बोलू या.

मी स्वतः बालगृहात वाढले. आई नाही. वडील आहेत, पण सांभाळण्याच्या परिस्थितीत नव्हते. बारावी झाल्यावर जो तो एकच सांगायचा, "अगं, अनाथ प्रमाणपत्र काढ, १ टक्का आरक्षण आहे." आरक्षण आहे हे खरंच. महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत ते लागू आहे. पण ते मला नव्हतं.

कारण त्यासाठी तुमच्या वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याआधी आई आणि वडील, दोघांचंही निधन झालेलं असावं लागतं. २०२३ च्या शासन निर्णयात याचे दोन गट आहेत. शासनमान्य संस्थेत वाढलेले ते 'संस्थात्मक'. काका, मामा, आजी अशा नातेवाइकांकडे वाढलेले ते 'संस्थाबाह्य'. म्हणजे तुम्ही कधीच बालगृहात नव्हता, तरी तुम्ही पात्र असू शकता. हे खूप जणांना माहीतच नसतं! अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात.

मग माझ्यासारख्यांचं काय? बालगृहातल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा आहे, अनुरक्षण. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १८ व्या वर्षी संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत मदत देता येते, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत. इथे आईवडील आहेत की नाहीत यावर काही अडत नाही, तुम्ही संस्थेत होता का, हे बघतात. राहायला अनुरक्षण गृह किंवा मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपये, अशी ही मदत असते. मी त्यावरच फर्स्ट इयर काढलं. पण ती आपोआप दारात येत नाही, मागावी लागते.

अमेरिकेत फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी प्रश्नच वेगळा विचारतात. तिथल्या सरकारी शिक्षण मदतीच्या अर्जात, वय १३ झाल्यानंतर तुम्ही कधीही फॉस्टर केअरमध्ये होता का, असं विचारलेलं असतं. 'हो' असेल तर आईवडिलांचं उत्पन्न बघत नाहीत. मला हे पटतं. पालक कागदावर जिवंत असले, म्हणजे फी भरायला कोणीतरी आहे असं होत नाही ना!

आता कामाचं. तुम्ही सतरा वर्षांचे असाल, तर आजच अधीक्षकांना किंवा समुपदेशक ताईंना विचारा, "माझा बाहेर पडल्यानंतरचा आराखडा कधी करणार?" वाढदिवस उलटून जायची वाट बघू नका. बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुक, हे सगळं मूळ कागद आणि मोबाइलमध्ये फोटो, असं दोन्हीकडे ठेवा. आईवडील दोघंही नसतील, तर दोघांचे मृत्यू दाखले आधी मिळवा. अर्ज दिला की पोच घ्याच. बाहेर पडला असाल आणि २१ पूर्ण झाले नसतील, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन अनुरक्षणाचा अर्ज मागा. "तुला आईवडील आहेत, तुला काही मिळणार नाही," असं कोणी म्हणालं, तर शांतपणे सांगा, "मी अनाथ प्रमाणपत्र मागत नाहीये, अनुरक्षण मागतेय."

या दोन शब्दांतला फरक मला बालगृहात कोणी सांगितला नव्हता. तुम्हाला आज कळला. वर्गात, हॉस्टेलवर, गावात कोणी असं असेल, तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोचवा. भेटू पुढच्या भागात!